देश वेगळा झाला, तर संघ कुणाचा?

ब्रिटनमधून बाहेर पडायचं का, यावर स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ ला सार्वमत झालं. ८४.६ टक्के लोक मतदानाला उतरले. सोळा वर्षांच्या पोरापोरींनाही मत होतं. 'नको' म्हणणारे ५५.३ टक्के निघाले, 'हवं' म्हणणारे ४४.७. त्याआधी अकराच दिवस, ७ सप्टेंबरला, स्कॉटलंडचा फुटबॉल संघ डॉर्टमुंडमध्ये विश्वविजेत्या जर्मनीशी युरो या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत झुंजला होता आणि २-१ नं हरला होता. सार्वमतानंतर दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, इंग्लंडचा संघ ग्लासगोत पाहुणा म्हणून आला आणि ३-१ नं जिंकून गेला.

आता समजा, निकाल उलटा लागला असता. तरी डॉर्टमुंडचा निकाल तोच राहिला असता. ग्लासगोचा सामना त्याच तारखेला, त्याच मैदानावर झाला असता. तोच गडद निळा शर्ट, तेच समर्थक, समोर तोच इंग्लंड. देशाचं नशीब ठरवणाऱ्या त्या मतपत्रिकेनं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा केससुद्धा वाकडा होणार नव्हता.

आपल्याकडे कोल्हापुरात किंवा मडगावात रात्र जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटन, क्रिकेटला इंग्लंड (त्यात वेल्सही आलं), रग्बीत उत्तर आणि दक्षिण मिळून एकच आयर्लंड, आणि फुटबॉलला मात्र एका देशाचे चार संघ: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. हे असं का? आणि असा देश फुटला, किंवा तो एखाद्या मोठ्या संघराज्यातून बाहेर पडला, तर राष्ट्रीय संघाचं काय होतं?

माझं मत आधीच सांगतो. राष्ट्रीय संघ सरकारच्या मालकीचा नसतो. तो एका फुटबॉल संघटनेचा असतो, आणि त्या संघटनेला मान्यता देणाऱ्या फिफा या जागतिक फुटबॉल संस्थेच्या वहीत त्याचं नाव असतं. त्यामुळे 'आमच्या बाजूनं मत द्या, तरच तुमचा संघ टिकेल' असं कुणी राजकारणी फुटबॉलच्या चाहत्याला सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मग तो वेगळं व्हायला सांगणारा असो की एकत्र राहायला सांगणारा.

चार संघ आले कुठून

जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ ला झाला. स्थळ ग्लासगोजवळचं पार्टिक, मैदान एका क्रिकेट क्लबचं, सामना स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. साधारण चार हजार लोक जमले होते. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. गोल झालाच नाही, ०-० अशी बरोबरी.

त्या दिवशी स्कॉटलंड स्वतंत्र देश नव्हता. १७०७ साली त्याची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, त्याला १६५ वर्षं उलटली होती. कायदा, चर्च आणि शिक्षण या गोष्टी मात्र स्कॉटलंडनं स्वतःकडे ठेवल्या होत्या, आणि आपण वेगळे लोक आहोत ही भावना कुठेच गेली नव्हती. इंग्लंडची फुटबॉल संघटना १८६३ ची. त्या सामन्याच्या दुसऱ्याच वर्षी स्कॉटलंडची स्थापन झाली, १८७६ ला वेल्सची, १८८० ला आयर्लंडची. जगात दुसरीकडे कुठे आंतरराष्ट्रीय फुटबॉल नव्हतंच, म्हणून हे चौघे एकमेकांशी खेळत राहिले. १८८६ ला चौघांनी मिळून खेळाचे नियम ठरवणारं मंडळ काढलं. फिफा नावाची संस्था जन्माला यायला अजून अठरा वर्षं होती.

फिफा १९०४ ला पॅरिसमध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत एकही ब्रिटिश नव्हता. हे चौघे नंतर आत आले, पहिल्या महायुद्धानंतर रागावून बाहेर पडले, १९२४ ला परतले, हौशी खेळाडूंना भरपाई द्यायची की नाही या वादात १९२८ ला पुन्हा बाहेर गेले आणि १९४६ ला कायमचे परत आले. युद्धानं फिफाची तिजोरी रिकामी केली होती. ब्रिटिशांच्या परतीच्या आनंदात १० मे १९४७ ला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप असा सामना ठेवला गेला. १ लाख ३५ हजार प्रेक्षक आले, ब्रिटन ६-१ नं जिंकलं आणि तिकिटांचा पैसा फिफाला मिळाला. चौघांना चार वेगळी सदस्यत्वं तेव्हापासून पक्की आहेत.

आज फिफाच्या घटनेत साधा नियम असा आहे की एका देशाला एकच संघटना. आणि लगेच त्याला अपवाद आहे, की चार ब्रिटिश संघटनांपैकी प्रत्येक स्वतंत्र सदस्य मानली जाईल. नियम ठरवणाऱ्या त्या जुन्या मंडळातही चौघांना एकेक मत आहे, फिफाला चार, आणि नियम बदलायला सहा मतं लागतात. ऑफसाइडचा नियम बदलायचा असेल तर फिफाला आजही किमान दोन ब्रिटिश संघटना सोबत घ्याव्या लागतात.

हे समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. महाराष्ट्र हे एक राज्य, पण रणजी करंडकात आपले तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १ मे १९६० ला राज्य स्थापन झालं म्हणून हे तिघे एक झाले नाहीत, कारण त्यांच्या क्रिकेट संघटना राज्याच्या आधीच्या होत्या. उद्या वेगळं विदर्भ राज्य झालं तरी नागपूरच्या संघाला नव्यानं अर्ज करावा लागणार नाही. स्कॉटलंडचं नेमकं असंच आहे. फुटबॉलमध्ये तो कधी कुणात विलीन झालाच नाही, मग बाहेर पडायचं कशातून?

मत आणि मैदान

म्हणूनच स्कॉटिश चाहत्यांना खरी भीती वेगळं होण्याची कधी वाटली नाही. वाटली ती एक होण्याची. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ग्रेट ब्रिटनचा फुटबॉल संघ उतरवायचं ठरलं, तेव्हा स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी जोरदार विरोध केला. फिफानं शब्द दिला की यामुळे तुमच्या वेगळेपणाला धक्का लागणार नाही. तरी त्यांची खात्री पटली नाही, आणि मला वाटतं ते बरोबर होतं. फिफाच्या शेकडो सदस्यांतल्या अनेकांना ब्रिटिशांची चार मतं खुपतात. 'ऑलिम्पिकला एक होता येतं, मग इथे का नाही?' असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला अवघड गेलं असतं. शेवटी पुरुषांच्या संघात फक्त इंग्लिश आणि वेल्श खेळाडू होते. कर्णधार वेल्सचा रायन गिग्ज. कार्डिफमध्ये दक्षिण कोरियाकडून पेनल्टीवर हरून तो संघ उपांत्यपूर्व फेरीतच संपला.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ऑलिम्पिक संघाला विरोध करणारा प्रत्येक जण ब्रिटन सोडायच्या बाजूचा नव्हता. मतदानात ब्रिटनसोबत राहायचं म्हणणारे लाखो लोक इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात घसा बसेपर्यंत ओरडतात. स्वातंत्र्यवादी नेते जिम सिलर्स यांना याचाच त्रास झाला होता. १९९२ च्या निवडणुकीत हरल्यावर ते म्हणाले, आपल्या देशात नव्वद मिनिटांचे देशभक्त फार आहेत. हे वाक्य आजही स्कॉटलंडमध्ये चाहत्यांना टोचायला वापरतात. मला ते अन्यायाचं वाटतं. आपली ओळख मैदानावर पूर्णपणे जगायला मिळते, म्हणून तिच्यासाठी वेगळं सरकार हवंच असं एखाद्याला वाटत नसेल, तर त्याचं प्रेम कमी अस्सल ठरत नाही.

तरीही फुटबॉल आणि राजकारण यांची सावली एकमेकांवर पडतेच. एप्रिल १९६७ मध्ये स्कॉटलंडनं वेम्बलीवर विश्वविजेत्या इंग्लंडला ३-२ नं हरवलं. मे महिन्यात ग्लासगोच्या सेल्टिकनं युरोपियन कप जिंकला. नोव्हेंबरमध्ये विनी युइंग यांनी हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकून स्वातंत्र्यवादी पक्षाला ब्रिटिश राजकारणाच्या मध्यभागी आणलं. पुढे १९७८ चा अर्जेंटिनातला विश्वचषक. स्कॉटलंड मोठ्या तोऱ्यात गेला, पेरूकडून हरला, इराणशी बरोबरीत अडकला. मग नेदरलँड्सला ३-२ नं हरवलं, त्यात आर्ची गेमिलचा तो अजरामर गोल, पण गोलफरकामुळे घरी परतावं लागलं. नऊ महिन्यांनी, १ मार्च १९७९ ला, स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यायची का यावर सार्वमत झालं. ५१.६ टक्क्यांनी 'हो' म्हटलं, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के पाठिंब्याची अट पुरी झाली नाही, आणि ते बारगळलं. अर्जेंटिनात आत्मविश्वास मोडला म्हणून मतदान थंड झालं, असं तिथे अनेक जण अजून सांगतात.

अशा कथा ऐकायला मला फार आवडतात, पण त्यांच्यावर भार टाकायला मी तयार नाही. डेन्मार्कचं बघा. २ जून १९९२ ला डेनिश जनतेनं मास्ट्रिख्ट करार नाकारला, म्हणजे युरोपशी आणखी घट्ट बांधून घ्यायला नकार दिला. चोविसाव्या दिवशी, २६ जूनला, डेन्मार्कनं जर्मनीला २-० नं हरवून युरो जिंकला. छोट्या देशाच्या स्वाभिमानाची याहून सुंदर गोष्ट कुणी रचू शकणार नाही. पण काही सवलती पदरात पडल्यावर, १९९३ च्या मे महिन्यात, त्याच जनतेनं तोच करार ५६.७ टक्क्यांनी मंजूर केला. चषक कपाटातच होता.

देश खरोखर फुटतो तेव्हा

आणि डेन्मार्क त्या स्पर्धेत मुळात पात्रच ठरला नव्हता. त्याला जागा मिळाली ती युगोस्लाव्हियाला बाहेर काढल्यामुळे. इथून या विषयाचा दुखरा भाग सुरू होतो.

युगोस्लाव्हियाचा तो संघ युरोपातल्या सर्वांत गुणी संघांपैकी होता. १९९० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत तो मॅराडोनाच्या अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरला. त्याच्या काही आठवडे आधी झाग्रेबमध्ये नेदरलँड्सशी मैत्रीपूर्ण सामना झाला, तेव्हा क्रोएशियन प्रेक्षकांनी स्वतःच्याच देशाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली आणि डच संघाला टाळ्या दिल्या. संघ मैदानात होता, पण त्याच्यामागचा देश निघून चालला होता. प्रशिक्षक इव्हिका ओसिम सारायेव्होचे. १९९२ च्या वसंतात त्यांच्या शहरावर तोफगोळे पडू लागले, घरची माणसं तिथेच अडकली, आणि मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. आपल्या शहरासाठी आपण एवढंच करू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं निर्बंध घातले. संघ तोवर स्वीडनला पोहोचला होता, तो परत पाठवला गेला.

अशा वेळी फिफा काय करते? एका देशाचे पाच तुकडे झाले तरी जुन्या सदस्यत्वाचा वारस एकच ठरतो. पात्रता फेरीतली जागा आणि कागदोपत्री सगळा इतिहास त्याला मिळतो. बाकीच्यांनी नव्यानं अर्ज करायचा, मान्यतेची वाट पाहायची आणि क्रमवारीच्या तळातून सुरुवात करायची. सोव्हिएत संघाचा वारस रशिया ठरला, युगोस्लाव्हियाचा सर्बिया.

कागदावर हे नीटनेटकं दिसतं. माणसांच्या बाबतीत ते किती क्रूर असतं ते बघा. सोव्हिएत संघ १९९२ च्या युरोला पात्र ठरला आणि डिसेंबर १९९१ मध्ये तो देशच संपला. स्पर्धेत उतरला तो स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाचा एक तात्पुरता संघ. राष्ट्रगीत नव्हतं, म्हणून बेथोव्हेनची धून वाजवली जायची. शेवटच्या गटसामन्यात त्यांना स्कॉटलंडनंच ३-० नं हरवलं. पुढे १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत रशियाला थेट जागा, पण युक्रेनला प्रवेशच नाही. युक्रेनमध्ये जन्मलेल्या खेळाडूंपुढे दोनच वाटा उरल्या. एक तर ऐन उमेदीची वर्षं विश्वचषकाविना घालवायची, नाहीतर रशियाचा शर्ट घालायचा. मँचेस्टर युनायटेडचा आंद्रेई कान्चेल्स्किस युक्रेनचा, तो रशियाकडून खेळला. व्हिक्टर ओनोप्को लुहान्स्कचा, तोही. ओलेग सालेन्को एप्रिल १९९२ मध्ये युक्रेनच्या पहिल्यावहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात युक्रेनकडून खेळला होता. १९९४ च्या विश्वचषकात त्यानं रशियासाठी कॅमेरूनविरुद्ध एका सामन्यात पाच गोल केले. तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. एकाच पिढीतल्या मित्रांनी वेगवेगळे शर्ट घातले, ते त्यांच्या मनानं ठरवलं असं म्हणणं कठीण आहे. एका अर्जाच्या तारखेनं ठरवलं.

चेकोस्लोव्हाकिया मात्र शहाण्यासारखा वेगळा झाला. १ जानेवारी १९९३ ला दोन देश झाले तरी सुरू असलेली पात्रता फेरी 'चेक आणि स्लोव्हाक यांचा संघ' अशा नावानं एकत्र पुरी केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्रसेल्सला बेल्जियमशी ०-० झालं, विश्वचषक हुकला आणि मगच दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. तीन वर्षांत चेक संघ वेम्बलीवर युरोच्या अंतिम सामन्यात होता.

सर्वांत विलक्षण गोष्ट सर्बिया आणि माँटेनेग्रोची. २००६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दहा सामन्यांत या संघानं फक्त एक गोल खाल्ला होता. २१ मे २००६ ला माँटेनेग्रोत सार्वमत झालं. ५५ टक्क्यांची अट होती आणि ५५.५ टक्क्यांनी वेगळं व्हायला होकार दिला. ३ जूनला स्वातंत्र्य जाहीर झालं. आठ दिवसांनी लायप्झिगमध्ये 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' नेदरलँड्ससमोर उभा राहिला, तेव्हा त्या नावाचा देश पृथ्वीवर नव्हता. तो सामना ०-१ गेला. पुढचा अर्जेंटिनाविरुद्ध ०-६. त्यातच मेस्सीनं विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. आयव्हरी कोस्टविरुद्ध दोन गोलची आघाडी घेऊनही २-३. युरोपातला सर्वांत अभेद्य बचाव तीन सामन्यांत दहा गोल खाऊन बसला. देश गेला म्हणून बचाव कोसळला, असं सरळ गणित मी मांडणार नाही. पण ज्यानं कधी शर्टावरच्या बोधचिन्हाला हात लावून राष्ट्रगीत ऐकलं असेल, त्याला त्या खेळाडूंच्या पायांतलं बळ कुठे गेलं हे वेगळं सांगायला नको. सहा-सात लाख वस्तीच्या माँटेनेग्रोनं मार्च २००७ मध्ये पहिला सामना जिंकला आणि २०१० ला वेम्बलीवर इंग्लंडला ०-० वर रोखलं.

या बाबतीत चाहता म्हणून माझी एक ठाम मागणी आहे. देश फुटला की जुन्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला नवा संघ निवडायला पुरेसा वेळ आणि मोकळीक मिळायला हवी, आणि जुना इतिहास सगळ्या वारसांच्या नावावर लागायला हवा. ओसिमच्या १९९० च्या संघात क्रोएट होते, बोस्नियन होते, स्लोव्हेन होते, मॅसेडोनियन होते. तो विश्वचषक एकट्या सर्बियाच्या खात्यात जमा करणं हे त्या खेळाडूंशी केलेलं खोटं आहे. २०१६ ला कोसोव्होला सदस्यत्व देताना फिफानं आधी दुसऱ्या देशांकडून खेळलेल्यांना परतायची सवलत दिली. नॉर्वेकडून खेळलेल्या व्हॅलोन बेरिशाला सामन्याच्या दिवशी परवानगी मिळाली आणि त्यानंच फिनलंडविरुद्ध कोसोव्होचा पहिला अधिकृत गोल केला. म्हणजे मनात आणलं तर फिफाला हे जमतं.

उलटी गोष्ट, आणि तीही आपल्या ओळखीची

राजकीय संघ मोडूनही खेळाचा संघ टिकल्याचं उदाहरण आपण लहानपणापासून बघत आलो आहोत: वेस्ट इंडीज. १९५८ ला कॅरिबियन बेटांचं एक संघराज्य झालं. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाच्या जनतेनं सार्वमतानं बाहेर पडायचं ठरवलं, मागोमाग त्रिनिदाद निघालं, आणि ३१ मे १९६२ ला संघराज्य गुंडाळलं गेलं. ते मरणपंथाला लागलं असतानाच भारताचा संघ तिथे दौऱ्यावर होता. नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला तो हाच दौरा. संघराज्य बुडालं, पण क्रिकेटचा संघ बुडाला नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यानं जगावर राज्य केलं, ना झेंडा, ना सरकार. फुटबॉलमध्ये मात्र तीच बेटं वेगवेगळी खेळतात. एकच भूगोल, एकच लोक, आणि दोन खेळांचे दोन नकाशे.

आयर्लंडमध्ये याहून गुंता झाला. १९२१ ला बेट विभागलं गेलं, डब्लिनची संघटना बेलफास्टपासून फुटली, पण दोघीही 'आयर्लंड' या नावानंच खेळायच्या आणि अख्ख्या बेटातून खेळाडू निवडायच्या. सप्टेंबर १९४६ मध्ये जॉनी कॅरी २८ तारखेला बेलफास्टमध्ये एका आयर्लंडकडून इंग्लंडशी खेळला, आणि ३० तारखेला डब्लिनमध्ये दुसऱ्या आयर्लंडकडून पुन्हा इंग्लंडशीच. १९५० नंतर फिफानं हे थांबवलं.

ब्रेक्झिट हे प्रकरणच वेगळं

बऱ्याच जणांच्या बोलण्यात स्कॉटलंडचं सार्वमत आणि ब्रेक्झिट यांची सरमिसळ होते. युरोपीय महासंघाचा फुटबॉल संघ नाही. त्यामुळे तो सोडल्यानं कुठल्याही राष्ट्रीय संघाचं सदस्यत्व हलत नाही. युरोपातलं फुटबॉल चालवणारी युएफा ही वेगळीच संस्था आहे. तिच्यात तुर्कस्तान आणि इस्रायलही आहेत.

पण तारखांचा योग मात्र जबरदस्त जुळला होता. २३ जून २०१६ ला ब्रिटननं ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा फ्रान्समध्ये युरो ऐन रंगात होता. दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये वेल्स विरुद्ध उत्तर आयर्लंड असा बाद फेरीचा सामना झाला. वेल्सनं बाहेर पडायला कौल दिला होता, उत्तर आयर्लंडनं राहायला. वेल्स १-० नं जिंकला आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. २७ जूनला इंग्लंडला आइसलंडनं हरवलं. ६२ टक्क्यांनी राहायला कौल देणारा स्कॉटलंड त्या स्पर्धेला पात्रच ठरला नव्हता.

ब्रेक्झिटचा खरा फटका क्लबांना बसला. १९९५ च्या बोस्मन निकालानंतर युरोपीय खेळाडू ब्रिटनमध्ये मुक्तपणे येत होते. जानेवारी २०२१ पासून त्यांनाही गुणांच्या कसोटीवर परवाना मिळवावा लागतो. आणि फिफाच्या नियमात युरोपीय महासंघाच्या आत १६ ते १८ वयाच्या मुलांच्या बदलीला जी सवलत आहे, ती ब्रिटिश क्लबांना राहिली नाही. सेस्क फाब्रेगास १६ व्या वर्षी बार्सिलोनातून आर्सेनलला आला, ती वाट बंद झाली. आयर्लंडची पोरंही आता अठरा पुरी होईपर्यंत मायदेशातच खेळतात, त्यामुळे तिथल्या लीगला नवा जोम आला आहे. स्कॉटिश क्लबांना मात्र जो निर्णय त्यांच्या लोकांनी घेतलाच नव्हता, त्याची किंमत मोजावी लागली. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याचा विषय पुन्हा पेटला त्यामागे हेच दुखणं, फुटबॉलच्या कितीतरी बाहेरचं.

गोव्यातल्या अनेक घरांनीही हा धक्का सोसला. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावले. ब्रेक्झिटनं नव्यानं येणाऱ्यांची वाट अडवली. यात फुटबॉलचा धागाही आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. म्हणजे गोव्याच्या एखाद्या गुणी पोरानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, की भारताचा शर्ट त्याच्यापासून दुरावतो. ब्रिटनमध्ये याच्या नेमकं उलट आहे. पासपोर्ट एकच, संघ चार, म्हणून चौघांनी आपसात नियम केला: स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म तिथला हवा, नाहीतर अठराव्या वर्षाआधी पाच वर्षं तिथे शिक्षण झालेलं हवं.

आज कुणाला संघ मिळू शकतो

फिफाचे सदस्य २११, संयुक्त राष्ट्रांचे १९३. हा फरक का, तर स्वतंत्र नसलेल्या काही प्रदेशांचेही संघ आहेत. डेन्मार्कच्या राजवटीतली फेरो बेटं १९८८ ला फिफात आली आणि सप्टेंबर १९९० मध्ये आपल्या पहिल्याच अधिकृत सामन्यात त्यांनी ऑस्ट्रियाला १-० नं हरवलं. त्याच राजवटीतलं ग्रीनलंड अजून बाहेर आहे. आणि गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट ही की ग्रीनलंडनं १९८२ ला सार्वमत घेऊन १९८५ ला युरोपीय समुदाय सोडून दाखवला. एवढा मोठा राजकीय निर्णय घेणाऱ्या लोकांना विश्वचषकाच्या पात्रता फेरीत मात्र अजून जागा नाही.

आजच्या नियमानुसार स्वतंत्र नसलेल्या प्रदेशाला ज्या देशाच्या छत्राखाली तो आहे, तिथल्या संघटनेची संमती लागते. कॅटलोनियाचा संघ म्हणूनच फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळतो. आणि कॅटलोनिया वेगळा झालाच, तर प्रश्न राष्ट्रीय संघापेक्षा बार्सिलोना कुठल्या लीगमध्ये खेळणार हा असेल. तिथले स्वातंत्र्यवादी आणि स्कॉटिश स्वातंत्र्यवादी यांच्यात फुटबॉलपुरता हा मोठा फरक आहे: एकाला संघ मिळवायचा आहे, दुसऱ्याकडे दीडशे वर्षं तो आहेच.

स्कॉटलंड पुढे कधी वेगळा झाला तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला असं सार्वमत घेता येणार नाही, त्यामुळे हा प्रश्न सध्या लांबणीवर आहे. पण झालंच, तर लीग हलणार नाही, ती १८९० पासून वेगळीच आहे. ऑलिम्पिकमध्ये स्कॉटलंडचा वेगळा चमू येईल, हा खेळातला सर्वांत ठळक बदल. आजीआजोबांच्या जन्मावर ठरणारी खेळाडूंची पात्रता नव्या स्कॉटिश नागरिकत्वावर ठरेल. हॅम्पडनवर डेन्मार्कला ४-२ नं हरवून १९९८ नंतर प्रथमच, २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरलेला हा संघ, तोच राहील.

कस लागेल तो फिफाच्या घटनेतल्या त्या एका ओळीचा. 'चार ब्रिटिश संघटना' हा अपवाद एका अखंड ब्रिटनसाठी लिहिलेला आहे. स्कॉटलंड स्वतंत्र देश म्हणून साध्या नियमात आरामात बसेल. उरलेल्या इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला मात्र तोच अपवाद नव्यानं मागावा लागेल. नियम ठरवणाऱ्या मंडळातलं स्कॉटलंडचं मत राहणार की जाणार, तेही तेव्हाच निघेल. म्हणजे स्कॉटलंडच्या मतपेटीतून धोका निघालाच, तर तो कार्डिफ आणि बेलफास्टच्या संघांना आहे, आणि त्या मतदानात वेल्श किंवा उत्तर आयरिश चाहत्याला मत नसेल. चारही संघटनांनी फिफाकडून याचं लेखी उत्तर आजच मागून घ्यावं, सार्वमताची तारीख पडायची वाट बघू नये.